वेग कमी झाला, हे कोणी मोजले?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात एका निवृत्त मालगाडी गार्डने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडा संक्षेप करून येथे देत आहोत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शहरातील वाहतुकीचे वेगनियंत्रण' असा विषय छापला आहे. काल जेवणाच्या पंगतीत एका तरुण साथीने मला विचारले, "काका, पेन्शन आहे, खासगीकरण आहे, रिक्त जागा आहेत. एवढे विषय सोडून हा रस्त्याचा विषय तुम्ही कुठून काढला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो.

आमच्या रेल्वे वसाहतीसमोरून शहरात जाणारा एक रुंद रस्ता आहे. काही वर्षांपूर्वी एकाच हिवाळ्यात तेथे लागोपाठ तीन अपघात झाले. तिसऱ्या अपघातात रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी येणारा आमचा एक पॉइंट्समन गेला. घरापासून दोनशे पावलांवर. त्यानंतर वसाहतीतल्या बाया-माणसांनी रस्ता अडवला, मोर्चा निघाला, निवेदने झाली. यथावकाश ३० ची पाटी लागली, रम्बल पट्ट्या आल्या, एक कॅमेरा बसला आणि सकाळ-संध्याकाळ एक वाहतूक शिपाई उभा राहू लागला. एक वर्ष लोटले. मग संबंधित कार्यालयातून एक कागद आला. त्यात लिहिले होते की वेगमर्यादा उल्लंघनात लक्षणीय घट झाली असून अपघातही घटले आहेत. योजना यशस्वी झाल्यामुळे कॅमेरा व शिपाई गरजेच्या दुसऱ्या ठिकाणी हलवण्यास रहिवाशांच्या प्रतिनिधींची हरकत नसावी. खाली आमच्या शाखेच्या सहीसाठी जागा सोडली होती.

आमच्यापैकी बरेच जण सही करायला निघाले होते. कागद शिक्क्याचा होता, आकडे सरकारी होते. एका जुन्या लोको इन्स्पेक्टरने तेवढ्यात विचारले, "चार्ट कुठे आहे?" माझे आजचे सगळे भाषण त्या एका प्रश्नाभोवती आहे.

तो प्रश्न रेल्वेच्या माणसालाच सुचणार. आपल्याकडे गाडीच्या वेगाबद्दल कुणी नुसते मत देत नाही. इंजिनात वेगनोंद होते. कॉशन ऑर्डरमध्ये लिहिलेले असते की अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत ताशी २०. ड्रायव्हरने ती मर्यादा ओलांडली तर चार्ट उघडून दाखवला जातो आणि चार्जशीट हातात पडते. त्यात अन्यायही होतात, ते आपण लढतो. परंतु लढायला काहीतरी नोंद असते. शहराच्या रस्त्यावर मात्र 'वेग कमी झाला' असे म्हणणाऱ्याला चार्ट विचारण्याची कुणाला सवय नाही.

आपल्या देशाचा आकडा पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे नोंदले आहे. हा अतिवेग मोजला कुणी? फिर्याद नोंदवताना वापरायचे एक ठरलेले वाक्य असते, 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून'. आपल्यापैकी ज्यांनी कधी पोलिस ठाण्यात जबाब दिला असेल त्यांना ते पाठ असेल. रस्त्याचे वळण चुकीचे होते, दिवा बंद होता, पदपथ नव्हता, या गोष्टींना त्या वाक्यात जागा नसते. म्हणजे वेग मारक नाही असे माझे म्हणणे आहे का? मुळीच नाही. वेग मारतो, ते मी पुढे आकड्यांनिशी सांगणार आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्या देशात अपघाताचे कारण बहुतेक वेळा वेग न मोजताच लिहिले जाते, तेथे उपायाचे यशही न मोजता लिहिले जाईल. दोन्ही वेळा कागदावर शेवटी ड्रायव्हरच उभा राहतो. मेल मोटरचा ड्रायव्हर असो नाहीतर एसटीचा, त्याच्या वेळापत्रकाचा उल्लेख कुठल्याच रकान्यात नसतो.

आता वेग किती मारतो ते पाहू. स्वीडनमधील संशोधक गोरान निल्सन यांनी रस्त्यांवरील वेगमर्यादा बदलल्यावर काय झाले याचा हिशेब मांडला. सरासरी वेग १ टक्का बदलला तर प्राणघातक अपघात साधारण ४ टक्के बदलतात, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्या अभ्यासांत शहरी रस्त्यांवर हे प्रमाण काहीसे कमी आढळले, पण दिशा तीच राहिली. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत जर्मनीतील अपघातांवरून रोसेन आणि सँडर यांनी २००९ साली दाखवले की ताशी ५० किलोमीटरने धडक बसली तर मरण्याचा धोका ३० च्या धडकेपेक्षा पाचपटीहून अधिक असतो. म्हणून शहरात ३० हा आकडा सगळीकडे आढळतो. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्ये बाजूच्या सर्व रस्त्यांना ३० ची मर्यादा लावली. ब्रुसेल्स व पॅरिसने २०२१ मध्ये तेच केले. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीत मोटारीला कमाल ७० आणि मोटारसायकलला ६० ची मुभा दिली. राज्याला व स्थानिक यंत्रणेला ती कमी करता येते. कुठे केली जाते आणि कुठे नाही, हे आपापल्या गावात पाहावे.

तेव्हा थोडा वेग कमी होणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, हे धरून चला. प्रश्न असा की तो खरोखर कमी झाला की नाही, हे ओळखायचे कसे?

याचे एक स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील बोस्टनचे आहे. त्या शहराने ९ जानेवारी २०१७ रोजी सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २५ मैलांवर आणली, म्हणजे आपल्या हिशेबात ४८ किलोमीटरवरून ४० वर. विमा कंपन्यांच्या खर्चाने चालणारी महामार्ग सुरक्षेची एक संशोधन संस्था तेथे आहे. तिने बदलापूर्वी बोस्टनच्या रस्त्यांवर वेग मोजून ठेवले आणि बदलानंतर पुन्हा मोजले. हे कुणीही केले असते. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जवळच्या प्रॉव्हिडन्स शहरात मर्यादा बदललेली नव्हती. तेथेही त्याच काळात आधी व नंतर वेग मोजले. कारण बोस्टनमध्ये वेग घटला तर तो पाटीमुळे घटला, की त्या वर्षी पाऊस-बर्फ जास्त पडला म्हणून, की पेट्रोल महागले म्हणून, की रस्त्यावर गर्दी वाढली म्हणून, हे एकट्या बोस्टनकडे पाहून कळणार नाही. ऋतू आणि पेट्रोल दोन्ही शहरांना सारखेच. दोघांतला फरक तेवढा पाटीच्या खात्यावर.

निकाल काय आला? सरासरी वेग अवघा ०.३ टक्का घटला. एवढेच ऐकून कोणीही म्हणेल, पाट्यांचा खर्च पाण्यात गेला. पण त्यांनी सरासरीवर थांबायचे नाकारले. २५ मैलांहून अधिक वेगाने जाण्याची शक्यता २.९ टक्के घटली, ३० हून अधिक वेगाची ८.५ टक्के घटली आणि ३५ मैलांहून अधिक, म्हणजे ताशी ५६ किलोमीटरच्या वर जाण्याची शक्यता २९.३ टक्के घटली. जे आधीच सावकाश जात होते त्यांच्यात फारसा फरक नाही. जे सुसाट जात होते त्यांच्यातला मोठा हिस्सा खाली आला. माणसे मारणारे तेच असतात. तेव्हा कुणी सरासरीचा आकडा दाखवला, तर त्याला विचारावे: मर्यादेच्या वर किती वाहने होती, आणि मर्यादेच्या फार वर किती होती?

याच्या शेजारी ब्रिटनचा अनुभव ठेवला पाहिजे, कारण तो इतका गोड नाही. तेथे अनेक शहरांनी २० मैलांच्या, म्हणजे ३२ किलोमीटरच्या, नुसत्या पाट्या लावल्या. गतिरोधक नाही, रस्त्याची रचना बदललेली नाही. तेथील परिवहन खात्याने बारा ठिकाणी त्याचे मूल्यमापन करवून २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. मध्यक वेग राहत्या वस्तीत ०.७ मैलाने आणि शहराच्या मध्यभागी ०.९ मैलाने घटला. एक मैलसुद्धा नाही. बेलफास्टमध्ये २०१६ साली शहरमध्यातील ७६ रस्त्यांवर ही मर्यादा लावली. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिले तर एका वर्षाने वेग ०.२ मैल आणि तीन वर्षांनी ०.८ मैल घटला होता, आणि अपघातांतली घट इतकी लहान होती की ती योगायोगाहून वेगळी आहे असे म्हणता येईना. मला या अहवालाचे कौतुक वाटते ते एका कारणासाठी: योजना फारशी चालली नाही असे छापायला त्यांना लाज वाटली नाही. आपल्याकडे असा अहवाल शेवटचा केव्हा वाचला होता, आठवून पाहा. (हशा)

पण त्याच देशातील लंडनची गोष्ट वेगळी. तेथे २० मैलांचे 'झोन' केले, म्हणजे पाटीबरोबर गतिरोधक, उंचवटे, अरुंद केलेली तोंडे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली या झोनचा वीस वर्षांचा हिशेब आला. सर्वत्र अपघात घटतच होते, ती घट वजा करूनही झोनमध्ये बळी व जखमींची संख्या ४१.९ टक्के घटली होती. शंका अशी होती की गाड्या आता शेजारच्या गल्ल्यांत घुसून तेथे माणसे मारतील. तीही त्यांनी तपासली. शेजारच्या रस्त्यांवरही अपघात थोडे कमीच झाले होते.

पाटी वाचायला ड्रायव्हरची मर्जी लागते, उंचवट्याला मर्जी लागत नाही. मात्र येथे मला एक पुस्ती जोडायची आहे. आपल्याकडे रात्रीतून डांबराचा ढीग टाकून त्याला गतिरोधक म्हणतात; त्याच्यावर ना रंग, ना अलीकडे पाटी. त्यावर दुचाकीवाले पडून मरतात, आणि सायकलवरच्या पोस्टमनच्या पाठीचा मणका जातो तो निराळाच. लंडनच्या झोनचा आकडा दाखवून अशा ढिगाऱ्याचे समर्थन कुणी करू नये. उंचवट्याची उंची, लांबी, उतार यांची मापे आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलेली आहेत. ती पाळली की नाही हे टेप घेऊन तुम्हीआम्ही पाहू शकतो.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये २०१३ च्या कायद्याने शाळांजवळ वेगाचे कॅमेरे आले, २०१९ च्या कायद्याने ७५० शाळा-परिसरांपर्यंत ते नेण्याची परवानगी मिळाली. शहराच्या परिवहन खात्याने सांगितले की कॅमेरा असलेल्या ठिकाणी वेगमर्यादेचा भंग सरासरी ७२ टक्के कमी झाला. मोठी घट आहे आणि ती खरी मानायला हरकत नाही. तरी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली, हे मोजले कशाने? त्याच कॅमेऱ्याने. कॅमेऱ्याला त्याच्यासमोरचे दिसते, पुढच्या चौकातले दिसत नाही. शिवाय ज्याने नंबरप्लेट झाकली किंवा खोटी लावली, तो दंडाच्या यादीत येतच नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये असे करणाऱ्यांचा उपद्रव वाढला. दुसरी गोष्ट वेळेची. कायद्यानुसार कॅमेरे फक्त आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ते रात्री १० चालत. रात्री आणि शनिवार-रविवारी रस्ता मोकळा आणि कॅमेरा झोपलेला! १ ऑगस्ट २०२२ पासून ते चोवीस तास चालू लागले. वीस वर्षे रात्रपाळी केलेल्या माझ्यासारख्याला हे सांगायला न्यूयॉर्कची गरज नव्हती. आमचा पॉइंट्समन गेला तोही पहाटेच.

टपालातल्या साथींना हे दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. वाटपाला किती दिवस लागतात हे तपासायला टेस्ट लेटर टाकतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते पत्र टेस्टचे आहे हे कुणाला ओळखू आले, तर काय होते? ते पत्र वेळेवर पोचते. (हशा) अहवालात वाटप उत्तम दिसते, पिशवीतल्या बाकीच्या पत्रांचे काय झाले ते पत्रांनाच माहीत. रस्त्याच्या कडेला गणवेशात स्पीडगन घेऊन उभे राहून वेग मोजणे म्हणजे ओळखू येणारे टेस्ट लेटर टाकणे. समोरून येणारा दिवा दाखवून इशारा करतो आणि सगळे शहाण्यासारखे चालू लागतात. म्हणून मोजणी करणाऱ्याने लपून, साध्या कपड्यात, कॅमेऱ्यापासून दूर उभे राहावे. कॅमेऱ्याजवळ ब्रेक दाबून पुढे पुन्हा उसळी मारणे याला परदेशात कांगारूची चाल म्हणतात. आपल्या मालगाडीला अशी उसळी मारता येत नाही, कारण टर्मिनेशन बोर्ड ओलांडेपर्यंत ड्रायव्हरला वेग धरून ठेवावा लागतो. रस्त्यावर तसा बोर्ड नाही. त्यावर उपाय म्हणून आता दोन कमानींमधील अंतर आणि वेळ यांवरून सरासरी वेग काढतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी नवी वाहतूक व्यवस्था आली तिच्यात हाही प्रकार आहे. लोक त्याला नवे तंत्रज्ञान म्हणतात. दोन स्टेशनांतली धाववेळ पाहून गाडी कुठे पळाली आणि कुठे रखडली हे सेक्शन कंट्रोलर फार पूर्वीपासून सांगत आला आहे!

यापुढचा मुद्दा जरा नीट ऐकावा, कारण बहुतेक अहवाल येथेच फसतात आणि आम्हीही फसणार होतो. ज्या जागी गेल्या वर्षी खूप अपघात झाले, तीच जागा योजनेसाठी निवडली जाते. हे स्वाभाविक आहे. परंतु अपघातांची संख्या दरवर्षी वरखाली होते. एखादे वर्ष फार वाईट गेले की पुढचे वर्ष, काहीही न करता, बहुधा बरे जाते. रनिंग रूममध्ये पत्ते खेळताना एखाद्याला सलग तीन डाव भिकार पाने येतात. मग तो जागा बदलतो, चौथ्या डावाला बरी पाने येतात, आणि जन्मभर तो सांगत सुटतो की खिडकीजवळची जागा लकी आहे. विभागात दोन घसरणी झाल्या की सेफ्टी ड्राइव्ह निघतो, महिनाभर घसरण होत नाही, आणि ड्राइव्ह यशस्वी झाल्याचे परिपत्रक निघते, हेही आपण पाहिलेले आहे.

ब्रिटनमधील वेग-कॅमेऱ्यांच्या चार वर्षांच्या मूल्यमापनाचा अहवाल डिसेंबर २००५ मध्ये आला. कॅमेऱ्याच्या जागी मृत व गंभीर जखमींची संख्या ४२ टक्के घटल्याचे त्यात होते. वृत्तपत्रांत तोच आकडा गेला. त्याच अहवालाच्या एका परिशिष्टात शहरी जागांपुरता हा 'वाईट वर्षानंतर बरे वर्ष' परिणाम वेगळा काढून दाखवला होता आणि दिसलेल्या घटीचा मोठा भाग त्यानेच खाल्ला होता. कॅमेऱ्याचा उपयोग उरला, पण मथळ्यातल्यापेक्षा बराच कमी. परिशिष्ट वाचणारे थोडेच. म्हणून मी तरुण साथींना सांगतो, अहवाल शेवटाकडून वाचायला घ्या.

तीन अपघातांच्या हिवाळ्यानंतर एक अपघातशून्य वर्ष, एवढ्यावरून आमच्या रस्त्याबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते. अपघात मोजून लहान जागेचा निकाल लागत नाही, आकडा फार लहान असतो. वेग मोजावा लागतो, कारण वाहने रोज हजारोंनी जातात. आणखी एक सापळा असाच: २०१९ साली देशात रस्त्यावर १,५१,११३ माणसे मेली आणि २०२० मध्ये १,३१,७१४. टाळेबंदीचे वर्ष 'योजनेनंतरचे' म्हणून धरले, तर देशातली कुठलीही योजना यशस्वी ठरेल.

तर आम्ही काय केले ते सांगतो. आमच्याकडे रडार नव्हते. पण रेल्वेचा माणूस दोन खांबांमधली वेळ मोजून वेग काढायला शिकलेला असतो. रस्त्याच्या कडेला टेपने बरोबर १०० मीटर मोजून दोन झाडांवर चुन्याच्या खुणा केल्या. १०० मीटरला १२ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, ९ सेकंद तर ४०, ७.२ सेकंद तर ५० आणि ६ सेकंद तर ६०. पहिल्या खुणेवर एकाने रुमाल हलवायचा, दुसऱ्याने स्टॉपवॉच चालवायचे, तिसऱ्याने लिहायचे. पहिल्या दिवशी फजिती झाली. रुमाल पाहून एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "कुठं जायचं?" मग रुमालाऐवजी मोबाइल फोन वापरला. समोर रखडलेली गाडी असलेले वाहन मोजायचे नाही, मोकळा रस्ता असलेलेच मोजायचे, असा नियम केला. नाहीतर गर्दीला आपण शिस्त समजलो असतो. तीन जागा घेतल्या: कॅमेऱ्याजवळ, शाळेच्या वळणापलीकडे, आणि तुलनेसाठी तशाच रुंदीचा दुसरा रस्ता, जेथे काहीच केलेले नव्हते. वेळाही तीन: सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी, आणि रात्रपाळी सुटते तेव्हा पहाटे. पहाटेच्या वेळेला लोक मिळेनात. तेव्हा आर. एम. एस.च्या दोन साथींनी ती जबाबदारी घेतली. त्यांची ड्यूटी तशीही त्याच सुमारास सुटत होती.

आमच्या मोजणीत दोष आहेत ते आधी सांगतो. योजनेपूर्वीचे वेग कुणीच मोजलेले नव्हते, त्यामुळे 'आधी' आमच्यापाशी नाही. दुसऱ्या रस्त्याशी तुलना एवढाच आधार. स्टॉपवॉचची अर्धा सेकंद चूक ३० च्या वेगाला चालते, ६० च्या वेगाला चालत नाही. म्हणून मी आमचे आकडे येथे छापायला देत नाही. पण चित्र स्पष्ट होते. कॅमेऱ्याजवळ दिवसा वाहने दुसऱ्या रस्त्यापेक्षा खरोखर सावकाश होती. तेवढे श्रेय आम्ही संबंधित कार्यालयाला लेखी दिले. वळणापलीकडे फरक जवळजवळ नव्हता. आणि पहाटे कॅमेऱ्याजवळसुद्धा वाहने सुसाट होती. रम्बल पट्ट्या तोवर झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

त्यात आणखी एक गोष्ट सापडली, ती आम्ही शोधायला गेलो नव्हतो. पहाटे सर्वांत वेगात जाणाऱ्यांत दूध, भाजी आणि पार्सलच्या गाड्या पुष्कळ होत्या. त्यांतल्या काही ड्रायव्हरांशी चहाच्या टपरीवर बोललो. सहाच्या आत माल पोचला नाही तर फेरीचे पैसे कापले जातात, असे एकाने सांगितले. घरपोच माल देणाऱ्या दुचाकीवरच्या पोरांचेही तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगाचा दंड हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये झाला. चलान आले की मालक तो ड्रायव्हरच्या पगारातून वळता करतो. वेळ ठरवणारा एक, दंड भरणारा दुसरा. कुठल्याही शहराच्या वेग-योजनेच्या मूल्यमापनात हा रकाना मला अजून आढळलेला नाही, आणि तो मागणे हे संघटनेचेच काम आहे. आपल्या मेल मोटरच्या साथींनी आपल्या फेऱ्यांच्या ठरलेल्या वेळा आणि रस्त्यावरची नवी मर्यादा एकत्र मांडून पाहाव्यात. जेथे मर्यादा पाळून फेरी वेळेत होतच नाही, तेथे वेळापत्रक बदलून घ्यायचे, की चलान येईपर्यंत थांबायचे, हे शाखेने ठरवावे.

एका साथीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: 'लोक विरोध करतात त्याचे काय?' विरोध होतोच. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतली सर्वसाधारण मर्यादा २० मैल केली, तेव्हा लाखोंनी विरोधी अर्जावर सह्या केल्या. पहिल्याच काही महिन्यांच्या मोजणीत मुख्य रस्त्यांवरचा सरासरी वेग सुमारे ४ मैलांनी घटल्याचे तेथील सरकारने जाहीर केले, आणि कोणते रस्ते पुन्हा ३० ला न्यायचे याचा फेरविचारही केला. ब्राझीलमधील साओ पावलोने २०१५ मध्ये नदीकाठच्या महामार्गांवरची मर्यादा उतरवली. अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला तर त्या रस्त्यांवरचे अपघात २१.७ टक्के कमी झाले होते, आणि फायदा मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांना, म्हणजे मोटारसायकलवरच्या आणि पायी चालणाऱ्या माणसांना झाला होता. तरी २०१७ च्या जानेवारीत नव्या महापौरांनी मर्यादा पुन्हा वाढवली. आकडे बरोबर असले की निर्णय बरोबर होतो असे नाही. पण आकडे नसले तर वाद घालायलाही काही हाती उरत नाही.

आमच्या कागदाचे काय झाले, ते सांगून बसतो. शाखेने सही केली नाही. आम्ही उत्तरात तीन मागण्या लिहिल्या: कॅमेऱ्याची चोवीस तासांची नोंद दाखवावी, वळणापलीकडे मापात बसणारा, रंगवलेला गतिरोधक करावा, आणि यापुढे काहीही बदल करण्यापूर्वी आधीचे वेग मोजून ठेवावेत. कॅमेरा जागेवर राहिला. शिपाई दोन महिन्यांनी दुसरीकडे गेला. नोंद अजून दाखवलेली नाही. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज दिला आहे आणि पहिले अपील चालू आहे. गतिरोधकासाठी आखणी झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, पावसात त्या गेल्या.

पुढची मोजणी दिवाळीनंतर, त्याच झाडांच्या खुणांवर आणि त्याच वेळांना आहे. पहाटेच्या पाळीला दोन माणसे कमी आहेत. येथे जवळपास ज्यांची बदली झाली असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. स्टॉपवॉच आमच्याकडे आहे.